पणजोबांची नादारी आणि आजोबांचा हिस्सा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात घर आणि शेत, दोन्ही वडिलोपार्जित. पणजोबा मुंबईत कापसाची दलाली करायचे. १९२६ मध्ये हायकोर्टाने त्यांना नादार ठरवलं आणि १९२९ मध्ये ऑफिशियल असायनीने, म्हणजे नादाराची मिळकत ताब्यात घेऊन त्याची देणी भागवणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याने, घर आणि शेत विकून टाकलं. आजोबा त्या वेळी पाच वर्षांचे होते, एकुलते एक. आता जुन्या ट्रंकेत हायकोर्टाच्या हुकमाची नक्कल सापडली आहे. एका वकिलांनी सांगितलं की बापाच्या नादारीत मुलाचा हिस्सा जात नाही, असा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या सर्वात वरच्या अपील कोर्टाचा, १९२४ चा निकाल आहे. म्हणजे निम्मी मिळकत कायद्याने तुमच्याच घराण्याची राहिली. तर दावा लावावा का?

उत्तर आधी सांगतो: लावू नका. पण तुमच्या वकिलांनी सांगितलेला निकाल खोटा नाही. त्याचा पूर्वार्ध तुम्हाला सांगितला गेला आणि उत्तरार्ध राहून गेला. दिवाणी बाजूला पस्तीस वर्षं काढल्यावर एवढं कळलंय की घराण्याच्या जमिनी ज्या निकालांनी गेल्या, त्यांचा उत्तरार्ध घरात कुणालाच ठाऊक नसतो.

आधी शब्द. जुन्या मराठी कागदांत 'नादार' येतो, 'दिवाळखोर' क्वचितच. शाळेत फी माफ झाली की आमच्या पिढीत 'नादारी मिळाली' म्हणत, तोच हा शब्द. दिवाळखोर म्हटलं की लबाडीचा वास येतो. नादार म्हणजे ज्याच्याकडे देण्यासारखं उरलं नाही तो. तुमच्या पणजोबांना कोर्टाने नादार ठरवलं, यावरून त्यांनी कुणाला बुडवलं असं समजू नका. मुंबईच्या कापूसबाजारात १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्याबरोबर भाव कोसळले आणि शहरातल्या मोठमोठ्या पेढ्या एका पावसाळ्यात बसल्या. त्यानंतर कापूसवाल्याचं दिवाळं वाजणं ही या शहरात फारशी नवलाची गोष्ट राहिली नाही.

१९२६ मध्ये दोन कायदे शेजारी शेजारी चालत होते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या इलाखा-शहरांसाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट, आणि बाकी मुलखासाठी १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट. पहिल्यात मिळकत ऑफिशियल असायनीकडे जाते, दुसऱ्यात कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे. पणजोबा मुंबईत धंदा करत असल्याने हुकूम हायकोर्टाचा आहे. पण शेत खानदेशात, मुंबईच्या हद्दीबाहेर; मग असायनीचा हात तिथवर कसा पोचला, असं तुम्ही विचारलंय. १९०९ च्या कायद्याचं कलम १७ म्हणतं की नादार ठरवण्याचा हुकूम झाला की नादाराची मिळकत कुठेही असो, ती असायनीत निहित होते, म्हणजे कायद्याने त्याच्याकडे जाते. पूर्व खानदेशातलं शेत काय आणि काळबादेवीतली पेढी काय, दोन्ही एकाच हुकमाने गेली. हा मुद्दा इथेच सोडा, त्यात काही मिळणार नाही.

खरा प्रश्न 'नादाराची मिळकत' म्हणजे काय, हा आहे. एकत्र हिंदू कुटुंबात बाप आणि मुलगा दोघे सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीचे भागीदार, असतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, हे मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाचं मूळ सूत्र. मग बाप नादार झाला तर असायनीच्या हाती काय पडतं? बापाचा अविभक्त हिस्सा पडतो, यावर वाद नव्हता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकता येतो, हे आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे तो हिस्सा असायनीकडे जाणं ओघानेच आलं. वाद मुलाच्या हिश्श्याचा होता.

मुंबई हायकोर्टाने १८८३ मध्ये फकीरचंद मोतीचंद विरुद्ध मोतीचंद हरखचंद या प्रकरणात असायनीच्या बाजूने कौल दिला. तेव्हा १८४८ चा जुना नादारी कायदा लागू होता. विचार साधारण असा होता: बापाला आपल्या कर्जासाठी मुलाचा हिस्साही विकता येतो. तो अधिकार बापाजवळ होता, तर त्याच्या सगळ्या मालमत्तेसकट तोही असायनीकडे आला. मुंबईचा व्यवहार पुढची चाळीस वर्षं या निकालाच्या आधाराने चालला. शहरातले सावकार, हुंडीवाले, आडते कर्ज देताना समोरच्याला मुलं किती आणि केवढी, हे विचारत नसत; बापाच्या सहीवर अख्खं घर उभं आहे, असंच धरून चालत.

मुलाचा हिस्सा बापाला विकता येतो, हे आज ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून त्याचं मूळ सांगतो. बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य. ऋण न फेडता मेलेल्याला परलोकात त्रास होतो, त्यातून मुलाने त्याला सोडवायचं. धर्माचा हा विचार इंग्रजी कोर्टांनी घेतला आणि त्याला दिवाणी कायद्याचे दात बसवले. १८७४ मध्ये गिरधारीलाल विरुद्ध कांतूलाल या निकालात प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं की बापाचं कर्ज अनैतिक नसेल तर वडिलोपार्जित मिळकत, मुलाच्या हिश्श्यासकट, त्या कर्जाला जबाबदार आहे. पुढे १९२३ मध्ये ब्रिजनारायण विरुद्ध मंगलाप्रसाद या प्रकरणात पाच सूत्रं आखून हा सगळा पसारा एका जागी बसवला गेला.

मुंबई इलाख्यात तर एके काळी मामला याहून कडक होता. बापाने काही ठेवलेलं असो वा नसो, मुलाने स्वतःच्या कमाईतून कर्ज फेडायचं. १८६६ मध्ये मुंबई सरकारने हिंदू वारसांच्या सवलतीचा कायदा केला आणि वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती आखली. त्यामुळे तुमच्या आजोबांना पुढे मोठेपणी त्यांच्या पगारावर कुणी बोट ठेवलं नाही, ते त्या कायद्याच्या कृपेने. त्याबद्दल कुणी कृतज्ञता व्यक्त केलेली माझ्या पाहण्यात नाही.

आता १९२४ चा निकाल. सत नारायण विरुद्ध बिहारीलाल. लाहोर हायकोर्टातून अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. प्रश्न हाच: बाप १९०९ च्या कायद्याखाली नादार ठरला, तर एकत्र कुटुंबाची सगळी मिळकत असायनीत निहित होते का? कायद्यातली 'मिळकती'ची व्याख्या मोठी लांबरुंद आहे. ज्या मालमत्तेची विल्हेवाट माणूस स्वतःच्या फायद्यासाठी लावू शकतो, तीही त्याची मिळकत, असं त्यात म्हटलंय. असायनीच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं: कर्ज फेडण्यासाठी बाप मुलाचा हिस्सा विकू शकतो, म्हणजे त्यावर त्याचा विल्हेवाटीचा अधिकार आहे, म्हणजे तो हिस्सा त्याची मिळकत आहे.

प्रिव्ही कौन्सिलने हे मान्य केलं नाही. त्यांनी कलम ५२ कडे बोट दाखवलं. त्या कलमात नादाराच्या मालमत्तेत काय काय येतं, याचे वेगवेगळे भाग आहेत. एक भाग नादाराच्या मालकीच्या वस्तूंचा. दुसरा, नादार स्वतःच्या फायद्यासाठी मिळकतीवर जे अधिकार चालवू शकला असता, ते चालवण्याच्या 'क्षमते'चा. कायद्याने अधिकार वेगळा मोजलेला असताना तो मिळकतीत कोंबायचं कारण नाही, असा युक्तिवाद. म्हणून मुलाचा हिस्सा आपोआप असायनीचा होत नाही. तुमच्या वकिलांनी तुम्हाला सांगितलं ते इथपर्यंत.

पण निकाल इथे संपत नाही. बापाच्या खऱ्या कर्जासाठी ती मिळकत कलम ५२ च्या आधारे किंवा अन्य मार्गाने उपलब्ध करून घेता येईल, ही वाट न्यायाधीशांनी उघडी ठेवली. १९३६ मध्ये सत नारायण विरुद्ध श्री किशन दास या निकालात ती वाट रीतसर रुंद झाली: मुलाचा हिस्सा विकण्याचा बापाचा अधिकार असायनीला वापरता येतो, आणि मुलांनी वाटप मागितलं तरी बापाच्या कायदेशीर कर्जाची तजवीज आधी करावी लागते.

आता तुमच्या पणजोबांकडे या. १९२६ मध्ये ते नादार झाले तेव्हा आजोबांचा हिस्सा असायनीचा झाला नाही. पण तो हिस्सा पणजोबांच्या कर्जासाठी विकण्याचा जो अधिकार त्यांच्या मुठीत होता, तो असायनीच्या मुठीत गेला. १९२९ मध्ये असायनीने विकलं ते हा अधिकार वापरून विकलं असेल, तर आजोबांचा हिस्सा खरेदीदाराकडे गेला. कारण हिस्सा कुणाच्या मालकीचा होता, याला इथे महत्त्व नाही. तो विकण्याचा हक्क कुणाकडे होता, त्याला आहे. एखाद्या पेढीच्या मुनिमाकडे तिजोरीची किल्ली असते, सोनं त्याचं नसतं. मुनीम गेला आणि किल्ली दुसऱ्याकडे दिली, तर नवा माणूस तिजोरी उघडू शकतो. उपमा थोडी लंगडी आहे, कारण मुनीम सोनं स्वतःच्या देण्यासाठी विकू शकत नाही आणि हिंदू बाप विकू शकत होता. पण पक्षकारांना समजावताना मला याहून बरी सापडलेली नाही.

वकिलांनी म्हटलेली 'निम्मी' हाही कच्चा हिशेब आहे. बाप-मुलगा दोघेच सहदायाद असले तरी प्रत्यक्ष वाटप झालं असतं तर पणजीला मुलाइतका हिस्सा मिळाला असता, ही मुंबईकडची रीत. म्हणजे निम्मं नव्हे, तिसरा हिस्सा. आता याने काही बदलत नाही, पण ज्यांना दावा लावायचाच आहे त्यांनी किमान आकडा तरी बरोबर मागावा.

या सगळ्यातून तुमच्या बाजूला दोनच फटी उरतात, आणि पहिलीजवळ मी जरा थांबणार आहे. बापाचं ऋण 'अव्यावहारिक' असेल तर मुलावर त्याचा भार नाही. याज्ञवल्क्याचा श्लोक आहे:

सुराकामद्यूतकृतं दण्डशुल्कावशिष्टकम् ।
वृथादानं तथैवेह पुत्रो दद्यान्न पैतृकम् ॥

दारू, बाई, जुगार यांपायी झालेलं, दंडाचं किंवा शुल्काचं बाकी राहिलेलं, आणि उगाच कबूल केलेल्या दानाचं ऋण मुलाने देऊ नये. 'अव्यावहारिक' म्हणजे नेमकं काय, यावर कोर्टांचं एकमत नव्हतं. मुंबई हायकोर्टाने १९०८ मध्ये दरबार खाचर विरुद्ध खाचर हरसूर या प्रकरणात बराच उदार अर्थ लावला. बापाने बांध घालून दुसऱ्याच्या शेताचं पाणी अडवलं, त्याची नुकसानभरपाई मुलाच्या गळ्यात पडते का? हायकोर्ट म्हणालं, नाही. जे ऋण कायद्याला किंवा रिवाजाला धरून नाही, ते अव्यावहारिक. दुसऱ्या इलाख्यांतल्या कोर्टांना हा अर्थ फार सैल वाटला, पण मुंबईच्या वकिलांच्या भात्यात हा बाण बराच काळ होता.

कापसाची दलाली म्हटली की मनात लगेच वायदा आणि सट्टा येतो, आणि सट्टा म्हणजे द्यूत. तुमच्या मनातही हेच आलं असणार. मुंबई इलाख्यात तर १८६५ चा पैजेविरुद्धचा कायदा होता. पैजेच्या करारांच्या आजूबाजूचे करारसुद्धा त्याने निरर्थक ठरवले होते. तेव्हा पणजोबांचं कर्ज सट्ट्याचं होतं असं दाखवता आलं, तर मुलाचा हिस्सा वाचला असता. तत्त्वतः हे खरं आहे.

व्यवहारात ही वाट चिखलाची आहे. वायदा म्हणजे पैज नव्हे. पैज ठरण्यासाठी दोन्ही पक्षांचा मनोमन करार असावा लागतो की माल घ्यायचा-द्यायचा नाहीच, भावातला फरक तेवढा चुकता करायचा. एका पक्षाच्या मनात तसं असून भागत नाही. आणि दलालामार्फत केलेल्या सौद्यात गाठी खरोखर उतरवून घेण्याचा हक्क कागदावर असतो, जरी त्या कुणी उतरवून घेत नसलं तरी. शिवडीच्या बाजारात गाठ न बघता आयुष्यभर गाठी विकणारे लोक होते, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यातले बहुतेक सौदे चोख होते. शिवाय पुराव्याचा भार मुलावर. कर्ज अव्यावहारिक होतं एवढं दाखवून पुरत नाही. मिळकत विकत घेणारा तिऱ्हाईत असेल तर त्यालाही ते माहीत होतं, हे दाखवावं लागतं. सूरजबन्सी कुंवर प्रकरणात १८७९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे ठरवलं. १९२९ च्या खरेदीदाराला पणजोबांच्या सौद्यांचं काय ठाऊक होतं, हे आज कोण शपथेवर सांगणार?

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबाची माणसं आली होती. त्यांच्याकडे पणजोबांची रोजमेळाची वही होती. त्यात 'तेजी-मंदी खाते' असं स्वच्छ लिहिलेलं. ते म्हणाले, झालं ना सिद्ध? मी वही वाचत बसलो. त्या खात्यात दर महिन्याला सरकीची खरेदीही होती, रेल्वेची पावतीही होती आणि एका पानावर 'गाठी उतरल्या' असंही लिहिलं होतं. ज्या वहीने ते जिंकणार होते तीच त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली असती. वही परत करून चहा पाजला आणि पाठवून दिलं.

दुसरी फट विक्रीच्या कागदात असते, आणि खरं सांगायचं तर ती पहिलीपेक्षा मोठी. असायनीने १९२९ मध्ये काय विकलं? 'नादाराचा हक्क, मालकी व हितसंबंध' एवढंच, की पूर्ण मिळकत? डिक्रीच्या लिलावाबद्दल प्रिव्ही कौन्सिलने १८७७ मध्ये दीनदयाळ प्रकरणात म्हटलं होतं की बापाचा हक्क आणि हितसंबंध एवढंच विकलं असेल, तर खरेदीदाराला बापाचा हिस्साच मिळतो, मुलाचा नाही. त्यानंतर १८८५ मध्ये नानोमी बबुआसिन प्रकरणात तीच संस्था जरा मागे हटली: कागदावरच्या ठरावीक शब्दांना चिकटू नका, खरेदीदाराने पैसे कशासाठी मोजले ते पाहा, अख्ख्या मिळकतीची किंमत दिली असेल तर अख्खी मिळकत विकली गेली. मग पुढची पन्नास वर्षं प्रत्येक दाव्यात या दोन निकालांची ओढाताण.

तुमच्या बाबतीत तारीख बोलकी आहे. विक्री १९२९ ची, सत नारायणचा निकाल १९२४ चा. म्हणजे असायनीच्या कचेरीला तो निकाल ठाऊक असणार. मुलाचा हिस्सा आपोआप आपल्याकडे आलेला नाही, हे माहीत असलेला असायनी एकतर खरेदीखतात कलम ५२ खालच्या अधिकाराचा उल्लेख करून पूर्ण मिळकत विकतो, किंवा सावधपणे फक्त नादाराचा हिस्सा विकतो आणि मग किंमत पडून येते. अशा वेळी खरेदीदारही हुशार असतो: हिस्साच मिळत असेल तर तो निम्म्याहूनही कमी भाव देतो, कारण पुढे वाटपाचा दावा त्याला स्वतःच लावायचा असतो. म्हणून किंमत पाहा. त्याच गावात, त्याच वर्षी, तशाच जमिनीची इतर खरेदीखतं काय भावाने झाली, ते दुय्यम निबंधकाच्या सूचीतून काढता येतं. कागदावरच्या शब्दांपेक्षा हा आकडा बोलका.

समजा, तुमच्या नशिबाने खरेदीखतात फक्त हिस्साच निघाला. तरीही माझं उत्तर बदलत नाही, आणि याचं कारण कंटाळवाणं असलं तरी पक्कं आहे: मुदत. बापाने केलेली वडिलोपार्जित मिळकतीची विक्री रद्द करायला १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात खरेदीदाराला ताबा मिळाल्यापासून बारा वर्षं होती. तिऱ्हाईताचा ताबा असताना हिस्सा मागायलाही बाराच. ताबा १९२९ मध्ये गेला. बारा वर्षं १९४१ ला संपली. आजोबा तेव्हा अज्ञान होते, म्हणून कायद्याने त्यांना सज्ञान झाल्यावर सवलत दिली, पण ती तीन वर्षांहून जास्त नाही. १९४२ मध्ये अठरा पूर्ण, १९४५ मध्ये सवलत संपली. कोर्टाने पालक नेमलेला असेल तर सज्ञानता एकविसाव्या वर्षी, मग १९४८. त्यानंतर फक्त दाव्याचा दरवाजा बंद होतो असं नाही; मिळकतीवरचा हक्कच मालवतो. जो हक्क १९४५ मध्ये, फार तर १९४८ मध्ये मालवला तो तुमच्या वडिलांना वारसाने मिळू शकत नाही आणि तुम्हालाही नाही. मुदतीचं घड्याळ एकदा चालू झालं की वारस बदलला म्हणून ते थांबत नाही.

एक गंमत सांगतो, कारण तुम्ही स्वतः पणतू आहात. जुन्या ग्रंथांत पितृऋण फेडण्याची उतरंड होती: मुलाने मुद्दल आणि व्याज द्यावं, नातवाने मुद्दल, आणि पणतूने काही मिळालं असेल तरच. प्रिव्ही कौन्सिलने १९२६ मध्ये, मसीतउल्ला विरुद्ध दामोदरप्रसाद या निकालात, पणतूलाही त्याच पट्टीने मोजलं. म्हणजे तुमच्या पणजोबांना नादार ठरवलं त्याच वर्षी लंडनमध्ये पणतूंची सूट गेली.

मोफसलात, म्हणजे इलाखा-शहरांबाहेर, १९०९ चा कायदा चालत नव्हता, तिथे १९२० चा प्रोव्हिन्शियल कायदा. त्यात कलम ५२ सारखी 'अधिकार चालवण्याची क्षमता' स्पष्ट लिहिलेली नव्हती. मग बापाचा विकण्याचा अधिकार रिसीव्हरकडे जातो की नाही, यावर हायकोर्टं आपापसांत भांडली. मद्रासच्या पूर्णपीठाने १९२६ मध्ये जातो म्हटलं, अलाहाबादने १९३१ मध्ये तसंच, आणि तरीही वाद मिटला नाही. शेवटी १९४८ मध्ये कायद्यात कलम २८-अ घातलं गेलं आणि ही क्षमता नादाराच्या मिळकतीत नेहमीच होती असं मानावं, असं लिहून टाकलं. ज्यांच्या पणजोबांची नादारी धुळे, जळगाव, नाशिक अशा जिल्हा कोर्टात झाली असेल, त्यांनी हे कलम आधी वाचावं. तुम्हाला ते लागू नाही.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयापुढे याच वाटेचं एक प्रकरण आलं, आपल्या शेजारच्याच मुलखातलं: जकाती विरुद्ध बोरकर. धारवाड अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक बुडाली, तिच्या व्यवस्थापकीय संचालकावर नुकसानीची रक्कम भरण्याचा हुकूम झाला, ती भरली नाही म्हणून घर लिलावात गेलं. मुलं म्हणाली, आमचा हिस्सा गेला नाही, आणि हे ऋण अव्यावहारिक होतं. न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. १९०८ च्या मुंबईच्या उदार अर्थाला नंतर फारसा आधार मिळाला नाही, हे यातून दिसतं.

आज अशी विक्री झाली असती तर? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम ६(४) आलं. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी फक्त पितृऋणाच्या धर्मकर्तव्यावरून मुलाविरुद्ध, नातवाविरुद्ध किंवा पणतूविरुद्ध जाता येत नाही. आधीच्या कर्जांना जुनाच नियम. २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली खरी, पण व्यक्तींच्या नादारीचा तिचा भाग अजून सर्वांना लागू झालेला नाही. कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. बाकी माणसांसाठी अजूनही १९०९ आणि १९२० चे कायदेच. गोव्यातल्या वाचकांनी मात्र यातलं काहीच स्वतःला लावून घेऊ नये. तिथे वारसाचा कायदा पोर्तुगीज मुळाचा आहे आणि मिताक्षरेचं एकत्र कुटुंब तिथे असं चालत नाही.

तरीसुद्धा फाइल बघू नका असं मी म्हणणार नाही. हायकोर्टाच्या नादारीच्या दप्तरात दोन गोष्टी शोधण्यासारख्या असतात. एक, नादारीचा हुकूम पुढे कधी रद्द झाला होता का. तसा झाला असेल तर असायनीने तोवर केलेल्या विक्र्या कायम राहतात, पण न विकलेलं नादाराकडे परत जातं, आणि मग तुमच्या घराण्याचा एखादा तुकडा कुठेतरी पडून असेल तर त्याचा शोध लागतो. दुसरी, शिल्लक. सगळ्या धनकोंना व्याजासह पैसे देऊन, खर्च वजा जाऊन काही उरलं, तर ते नादाराचं असतं. १९०९ च्या कायद्याच्या कलम ७६ मध्ये हे लिहिलंय. अशा फायलींत धनकोंना आणे-पैंनी वाटल्याचं दिसतं, शिल्लक दिसत नाही, पण पाहायला हरकत काय.

सुरुवात खरेदीखतापासून करा. जळगावच्या निबंधक कचेरीतून १९२९ च्या सूचीत विक्रेत्याच्या रकान्यात तुमच्या पणजोबांचं नाव शोधू नका, सापडणार नाही. 'ऑफिशियल असायनी' शोधा. नक्कल मिळाली की तपशिलाच्या कलमात 'नादाराचा हक्क, मालकी व हितसंबंध' असे शब्द आहेत की चतुःसीमेसकट पूर्ण मिळकत आहे, आणि मोबदल्याचा आकडा किती आहे, एवढं कळवा. दावा लावू नका हे माझं म्हणणं त्यानेही बदलणार नाही, पण आजोबांचा हिस्सा १९२९ मध्ये विकला गेला की १९४५ मध्ये मुदतीत बुडाला, हे तुम्हाला नक्की सांगता येईल.